जपानचा इतिहास शिकायचा, आणि तोही नागपुरातून?

मागच्या अंकात मी ओसाकाच्या कापूस व्यापाऱ्यांच्या कागदपत्रांवर लिहिलं होतं, त्यानंतर इतकी पत्रं आली की यावेळचं अख्खं सदर त्यांनाच द्यायचं ठरलं. फिरून फिरून बहुतेकांचा प्रश्न एकच, की जपानच्या इतिहासाचा संशोधक होतात कसं आणि त्यात पोट भरतं का. सगळ्यांना उत्तर देणं जमलं नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : मॅडम, मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, इतिहास मेन विषय. आठवीपासून ॲनिमे बघते, त्यातून सामुराई, एदो काळ असं वाचत गेली आणि आता वाटून राहिलं की हेच करावं. बाबा म्हणतात, जपानी शिकायची तर शीक पण पुण्याला कंपनीत दुभाषी हो, इतिहासात काय ठेवलंय, आणि जपानचा इतिहास जपानी लोक लिहितीलच नं. मला यावर काही बोलताच येत नाही. — एक विद्यार्थिनी, सदर

उत्तर : बाबांचा शेवटचा मुद्दा एकदम बरोबर आहे, म्हणून त्यालाच आधी घेते. जपानी लोक लिहितातच, आणि इतकं बारीक लिहितात की तोक्यो विद्यापीठाच्या इतिहास-साधनांच्या संस्थेने १९०१ पासून जुन्या कागदांचे जे खंड छापायला घेतलेत ते अजून संपलेले नाहीत. त्यांच्याशी त्यांच्याच मैदानात पळायला गेलीस तर दमशील. तू तुझा प्रश्न घेऊन जा.

आता प्रश्न कुठून आणायचा म्हणशील. एम्प्रेस मॉलमध्ये तू शंभर वेळा गेली असशील, तिथे आधी एम्प्रेस मिल होती, जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेली. तेच जमशेटजी १८९३ मध्ये जपानला गेले आणि तिथले मोठे उद्योजक शिबुसावा एइइची यांना भेटले, ज्यांचा चेहरा आता २०२४ पासून जपानच्या १०,००० येनच्या नोटेवर आहे. दोघांचं दुखणं एक होतं. मुंबईहून जपानला कापूस न्यायचा तर परदेशी बोट कंपन्यांनी आपसात ठरवून भाडं चढं ठेवलेलं. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला निप्पॉन युसेन कंपनीची हिरोशिमा मारू नावाची बोट कोबेहून मुंबईला निघाली, जपानची ही पहिली लांब पल्ल्याची नियमित बोटसेवा, आणि ती सुरू झाली ती आपल्याकडच्या कापसासाठी! पुढे १९३३ मध्ये इंग्रज सरकारने जपानी कापडावरचा कर ७५ टक्क्यांवर नेला तर तिकडच्या गिरणीवाल्यांनी भारताचा कापूस घेणंच बंद केलं, मग १९३४ च्या करारात ठरलं की जपानने वर्षाला १५ लाख गाठी उचलल्या तर ४० कोटी यार्ड कापड भारतात आणता येईल. हे आकडे दिल्ली, ओसाका, लंडन सगळीकडच्या फायलींत सापडतात. पण ज्या महिन्यांत तिकडून खरेदी थांबली होती त्या महिन्यांत वऱ्हाडातल्या कास्तकाराच्या घरी काय चाललं होतं, हे विचारायचं ओसाकातल्या माणसाला सुचायचं कारण नाही. तुझ्या आजोबांच्या घरी कापूस असेल तर तुला सुचेल. आणि मग तुला जपानी येते, मराठी येते, नागपुरातल्या पुराभिलेखागारात बसता येतं, तर हे तिन्ही एकत्र असलेली माणसं जगात किती असतील ते बाबांना विचार.

आणि ॲनिमेची अजिबात लाज वाटू देऊ नको, मी स्वतः इंदोऱ्याच्या विहारात भदंत सुरेई ससाईंना लहानपणी पाहिलं आणि हा माणूस जपानहून इथे येऊन आपलाच कसा झाला ह्या कुतूहलापासून सुरू झाली. सुरुवात कुठूनही होते. फक्त आवड आणि प्रश्न ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे लक्षात ठेव. सामुराई आवडतात हे झालं प्रेम. लोकसंख्येत थोडेसे असलेले सामुराईच सगळ्या गोष्टींत का दिसतात आणि बाकीचे लोक कुठे गेले, हा झाला प्रश्न.

ह्याचं एक उदाहरण मला फार जवळचं आहे. आमिनो योशिहिको नावाचे मोठे इतिहासकार होते (१९२८–२००४). जुन्या जपानी दप्तरांत बहुतेक जनता 'ह्याकुशो' म्हणून नोंदलेली असते आणि सगळे पिढ्यानपिढ्या त्याचा अर्थ शेतकरी असा घेत आले. आमिनोंनी नोतो द्वीपकल्पातल्या तोकिकुनी घराण्याचे कागद वाचले. तिथे एक माणूस दप्तरात 'अतामाफुरी' म्हणजे बिनजमिनीचा असा नोंदलेला, म्हणजे गरीब मजूर असंच कोणीही धरेल, पण कागद सांगत होते की त्याच्या बोटी चालायच्या, व्यापार होता, पैसा होता. जमीन नव्हती कारण त्याला ती लागतच नव्हती! एक शब्द नीट वाचला आणि जपान म्हणजे नुसता भात पिकवणाऱ्यांचा देश हे चित्रच हललं. हे काम असं असतं बघ. बाबांना हे उदाहरण सांग, ते नक्की ऐकतील.

प्रश्न : मी दोन वर्षांपासून जपानीचा क्लास करतो, जेएलपीटी परीक्षेची एन थ्री झाली आहे (एन फाइव्ह सगळ्यात सोपी, एन वन सगळ्यात कठीण). एन वन झाली म्हणजे ऐतिहासिक कागद वाचता येतील का? — एक वाचक, धरमपेठ

उत्तर : नाही येणार, आणि मला हे वेळेवर कोणी सांगितलं नव्हतं म्हणून तुम्हाला स्पष्ट सांगते. जेएलपीटी ही आजच्या जपानीची परीक्षा आहे आणि सगळी पर्याय निवडायची, त्यात एक ओळ लिहावी लागत नाही की एक वाक्य बोलावं लागत नाही. एन वनपर्यंत साधारण दोन हजार कांजी, म्हणजे चिनीवरून आलेली चित्राक्षरं, होतात. ती पायरी हवीच, त्याशिवाय आजच्या इतिहासकारांची पुस्तकं वाचता येणार नाहीत आणि सेमिनारमध्ये तोंड उघडता येणार नाही, पण जुना कागद हे प्रकरणच वेगळं.

असं समजा की तुम्हाला मराठी फाडफाड येते आणि कोणी समोर भोसल्यांच्या काळातलं मोडी पत्र ठेवलं. अक्षरं एकमेकांत गुंतलेली, शब्द कुठे तुटतो ते कळत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. तिकडच्या ह्या पळत्या अक्षराला कुझुशिजी म्हणतात. त्यात एकाच उच्चारासाठी चार-चार, पाच-पाच अक्षरं चालायची, १९०० मध्ये शाळांसाठी एकेकच पक्कं केलं आणि बाकीची मागे पडली, म्हणून आजच्या जपानी पोराला खापरपणजोबाचं पत्र वाचता येत नाही, जसं आपल्याला ट्रंकेतलं मोडी वाचता येत नाही. वरून पत्रांची भाषाच निराळी, वाक्यावाक्याच्या शेवटी 'सोरो' असा एक शब्द यायचा आणि तो इतक्यांदा लिहावा लागायचा की हात फिरता फिरता त्याचा नुसता एक ठिपका उरला, आपल्या 'सा. न. वि. वि.' सारखं. नवीन माणूस तो ठिपका शाईचा डाग समजून सोडून देतो आणि वाक्य कुठे संपलं तेच त्याला कळत नाही.

आणि अक्षर लागलं तरी काम संपत नाही. माझ्या पीएचडीतली एक चूक सांगते. ओसाकाच्या एका सूत व्यापाऱ्याचं पत्र होतं, तारीख मेइजी ५, अकरावा महिना, १५ वा दिवस. मेइजी हे सम्राटाच्या कारकिर्दीचं नाव, तिकडे वर्षं त्यावरून मोजतात. मेइजी ५ म्हणजे १८७२, म्हणून मी लिहिलं १५ नोव्हेंबर १८७२. पत्रात तो गिऱ्हाइकाला काकुळतीने म्हणतो की वर्षअखेर डोक्यावर आली, उधारी लवकर चुकती करा. मला वाटलं, अजून दीड महिना आहे, एवढी काय घाई, असेल स्वभाव. सेन्सेईंनी, म्हणजे माझ्या तिथल्या गुरूंनी, माझ्या तारखेखाली पेन्सिलीने फक्त एक रेघ मारून कागद परत दिला.

झालं असं की जपानमध्येही तोवर आपल्यासारखीच चांद्र तिथी चालायची, आपल्यासारखाच धोंड्याचा महिना सुद्धा यायचा. सरकारने ठरवलं की आता युरोपसारखं कॅलेंडर, आणि मेइजी ५ च्या बाराव्या महिन्याच्या २ तारखेनंतर थेट १ जानेवारी १८७३ उजाडला. अख्खा बारावा महिना दोन दिवसांत संपला. पुढच्या वर्षी अधिक महिना येणार होता, म्हणजे नोकरांना तेरा पगार द्यावे लागले असते, तिजोरीत खडखडाट होता, हेही एक कारण सांगतात. हुकूम निघाला अकराव्या महिन्याच्या ९ तारखेला. म्हणजे माझं पत्र हुकमानंतर सहाच दिवसांनी लिहिलेलं, आपल्या हिशेबाने १५ डिसेंबरचं, आणि त्या व्यापाऱ्याची वर्षअखेर दीड महिन्यावरून एकदम सोळा दिवसांवर आली होती! तिकडे उधारी वर्षअखेरीलाच चुकती करायची रीत. त्याची घाबरगुंडी का उडाली ते मला एका तारखेत कळलं, आणि तेच मी एका चुकीच्या तारखेत घालवून बसली होती. त्या रात्री हॉस्टेलवर बसून मी सगळ्या वह्यांतल्या १८७३ आधीच्या तारखा पुन्हा जंत्रीवरून तपासल्या, पहाट झाली.

तयारी इथूनच करा. एखादा मोडीचा वर्ग लावा, खरंच सांगते, डोळ्याला गुंतलेलं अक्षर सोडवायची सवय लागते आणि ती दोन्हीकडे कामाला येते. १९४५ पर्यंतची परराष्ट्र खात्याची, लष्कराची, मंत्रिमंडळाची कागदपत्रं २००१ पासून जपान सरकारच्या आशियाई ऐतिहासिक अभिलेख केंद्राने फुकट ऑनलाइन ठेवलीत, त्यात 'मेन्का' म्हणजे कापूस असा शोध टाका आणि काय काय येतं ते बघा, मुंबईच्या जपानी वकिलातीचे अहवाल वाचता वाचता रात्र जाते. पुढे कधी प्रत्यक्ष वाचनखोलीत गेलात तर फक्त पेन्सिल न्यायची, घड्याळ-अंगठी काढायची, हात साबणाने धुऊन कोरडे करायचे. वाशी, म्हणजे जपानी हातकागद, बहुतेक ठिकाणी उघड्या हातानेच हाताळायला सांगतात, हातमोज्यात बोटांना कागद कळत नाही आणि तो फाटतो.

प्रश्न : आमची एकुलती एक मुलगी जपानी इतिहासात पीएचडी करायची म्हणते. आमचा विरोध नाही, पण एकूण वर्षं किती लागतात, खर्च किती आणि शेवटी नोकरी लागते का, हे कोणी नीट सांगतच नाही. — एक आई, त्रिमूर्ती नगर

उत्तर : ताई, बीए धरून दहा-बारा वर्षं पकडा. त्यातली चार-पाच नुसती भाषेत जातात, आणि ती वाचवायला जाऊ नका, भाषा कच्ची ठेवून इंग्रजी पुस्तकांवर पीएचडी केलेली माणसं नंतर अडकतात.

पदवी इथेच इतिहास घेऊन आणि सोबत जपानीचा क्लास, हे उत्तम. एमएला मात्र बाहेर पडावं लागेल. दिल्लीत जेएनयूमध्ये भाषाही आहे आणि पूर्व आशियाचा अभ्यासही, दिल्ली विद्यापीठात पूर्व आशिया अध्ययनाचा वेगळा विभागच आहे, आधुनिक जपानचे इतिहासकार ब्रिज तनखा तिथेच शिकवायचे. शांतिनिकेतनला निप्पॉन भवन आहे, नुसती भाषा पक्की करायची तर हैदराबाद आणि पुणे आहेच. मग नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिन्याला ३७,००० आणि वर घरभाडं, म्हणजे घरून पैसे मागवायची वेळ येत नाही.

जपानला जायचा मुख्य रस्ता म्हणजे जपान सरकारची मोनबुकागाकुशो स्कॉलरशिप, लोक मेक्स्ट म्हणतात. वयाची अट ३५ च्या आत, अर्ज दूतावासामार्फत, लेखी परीक्षा आणि मुलाखत. फी माफ, विमानाचं तिकीट त्यांचं, आणि संशोधक विद्यार्थ्याला महिन्याला साधारण १ लाख ४३ हजार येन. लहान गावात ह्यात नीट राहता येतं, तोक्योत हात आखडून राहावं लागतं. इथे बहुतेक अर्ज पडतात ते संशोधनाच्या आराखड्यावर, 'भारत-जपान संबंध' असा आभाळाएवढा विषय लिहिला की गेलं. एक बंदर, एक घराणं, दहा वर्षं, असा लिहायचा आणि ज्या प्राध्यापकांकडे जायचं त्यांचं काम खरंच वाचून त्यांना जपानीत पत्र पाठवायचं. पीएचडी चालू असताना जपान फाउंडेशनची फेलोशिप असते, तीही बघा.

आता नोकरी. इथे मी तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही. नुसता जपानचा इतिहास शिकवायला माणूस घेणारी विद्यापीठं आपल्या देशात बोटांवर मोजण्याइतकी, जागा कधी निघेल सांगता येत नाही. बहुतेक जण इतिहासाच्या जागेवर लागतात आणि मग शिवकालापासून फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत सगळं शिकवतात. कायम लागलं तर सहायक प्राध्यापकाचा मूळ पगार ५७,७०० पासून सुरू होतो, पण तिथवर पोचेपर्यंत सेट-नेट, पीएचडी झालेली किती पोरं सीएचबीवर तासाच्या हिशेबाने राबतात ते तुम्ही इथेही पाहत असाल. मी स्वतः जपानहून आल्यावर चार वर्षं एका कॉलेजात तशीच शिकवत होती, जूनचं मानधन दिवाळी उलटून हातात यायचं आणि एका वर्षी ते अर्धंच आलं. त्या चार वर्षांत मला तारलं ते भाषांतराने, दिवसा तास आणि रात्री मशीनच्या मॅन्युअलचं जपानीतून इंग्रजी. म्हणून मुलीला एकच अट घाला, एन टू पर्यंत भाषा बीएसोबतच झाली पाहिजे. मग उद्या इतिहासात जागा नाही मिळाली तरी तिच्या हातात कमावायचं साधन राहतं, आणि ते साधन असलं की ती जागेची वाट शांतपणे बघू शकते.

एवढं सगळं सांगूनही, ती तयार असेल तर तिला अडवू नका ताई. मला पुन्हा अठराव्या वर्षी विचारलं तर मी हेच करीन.

प्रश्न : आता एआय जुनी जपानी अक्षरं फोटोवरून वाचून देतं म्हणतात, मग शिकायचं कशाला? — एक वाचक, महाल

उत्तर : देतं, आणि छान देतं. 'मिवो' नावाचं ॲप २०२१ मध्ये आलं, फुकट आहे, मी रोज वापरते. छापलेल्या जुन्या पुस्तकावर फार चांगलं चालतं, घाईत लिहिलेल्या खाजगी पत्रावर चुकतं, किडीने खाल्लेल्या जागी तर फारच. आणि ते अक्षर देतं, अर्थ नाही देत. वरच्या उत्तरातली १५ तारीख त्यानेही अचूक वाचली असती, डिसेंबर आहे हे मलाच कळायला हवं होतं. क्योतो विद्यापीठातल्या लोकांनी २०१७ मध्ये जुन्या भूकंपांच्या नोंदी सामान्य लोकांकडून वाचून घ्यायचा उपक्रम सुरू केला, जगात कुठूनही बसून भाग घेता येतो, ॲप हाताशी घेऊन तिथे सराव करा.

प्रश्न : माझे वडील १९३० च्या दशकात सेवाग्राम आश्रमात येऊन-जाऊन असत. ते गेल्यावर त्यांच्या पेटीत एक पातळ कागद सापडला, त्यावर उभी जपानी किंवा चिनी अक्षरं आहेत, काळी शाई, अक्षरांच्या टोकांना मिशांसारख्या लांब रेघा. आश्रमाच्या प्रार्थनेत 'नम म्यो हो रेंगे क्यो' म्हणत हे मला ठाऊक आहे, त्याचा ह्याच्याशी संबंध असेल का? कागद आपल्याकडे पाठवू का? — निवृत्त शिक्षक, वर्धा

उत्तर : गुरुजी, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आधी एक करा, अक्षरं मोजा. सात असतील आणि वरून चौथ्या अक्षराला मिशा नसतील तर तो तोच मंत्र आहे, नामु म्योहो रेंगे क्यो. जपानी बौद्धांच्या निचिरेन पंथात तो असाच लिहितात, त्याला 'मिशीवाला' किंवा 'दाढीवाला' मंत्रच म्हणतात. चौथं अक्षर 'हो', म्हणजे धर्म. तेवढं एक बिनमिशांचं ठेवतात.

निप्पोनझान म्योहोजी पंथाचे संस्थापक फुजी निचिदात्सु १९३३ मध्ये वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले, पुढे त्यांच्या पंथाचा एक भिक्षू आश्रमात राहिला, त्याला सगळे केशव म्हणत. रोज पहाटे छोटा ढोल वाजवत तो हा मंत्र म्हणायचा. जपान युद्धात उतरल्यावर इंग्रज सरकारने त्याला पकडून नेलं. जुलै १९४२ मध्ये गांधीजींनी सेवाग्रामहून 'प्रत्येक जपानी माणसास' म्हणून जे उघडं पत्र लिहिलं, ज्यात त्यांनी चीनवरच्या आक्रमणाबद्दल जपानला अगदी सडेतोड सुनावलंय, त्याच पत्रात ते ह्या भिक्षूची प्रेमाने आठवण काढतात, की तो गेला पण त्याची प्रार्थना आणि त्याचा छोटा ढोल मागे राहिला आणि आमच्या सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेची सुरुवात त्यानेच होते. एकाच पत्रात इतका राग आणि इतकी माया, मला ते वाचताना दरवेळी थांबावं लागतं. इतिहासकार म्हणून अजून एक गोष्ट बघावी लागते. फुजी इथे येण्याआधी मंचुरियात मंदिर बांधून आले होते, जिथे जपानी लष्कर होतं. ह्या दोन गोष्टी एकाच माणसात कशा होत्या ह्याचा शोध कोणीतरी वर्ध्यात बसून घ्यायला हवा.

तुमचा कागद केशवच्या हातचा आहे का हे फोटोवरून सांगता येणार नाही, सही, शिक्का, मागची बाजू, कागदाची जात, सगळं बघावं लागेल. पण गुरुजी, मूळ कागद पोस्टाने पाठवू नका, मला तर नाहीच. वर ज्यांचं नाव घेतलं ते आमिनो तरुण असताना ज्या संस्थेत होते तिने १९५० च्या सुमारास गावोगावच्या कोळ्यांच्या घरांतून, वाड्यांतून जुने कागद अभ्यासाला उसने आणले, पुढे पैसे संपले, काम बंद पडलं आणि कागद तसेच पडून राहिले. कित्येक दशकांनी आमिनो स्वतः एकेका घरी जाऊन, माफी मागून ते परत करत फिरले. माझ्या सेन्सेईंनी पहिल्या दिवशी आम्हाला हीच गोष्ट सांगितली होती.

तोवर तो कागद घडी न करता दोन कोऱ्या कागदांमध्ये सपाट ठेवा, प्लास्टिकमध्ये नको, टेप तर बिलकुल लावू नका. पेटीत ज्या वस्तूंसोबत तो सापडला त्याही वेगळ्या करू नका, शेजारची एखादी साधी पावतीसुद्धा तारीख सांगून जाते. आणि वडिलांनी ती प्रार्थना कोणत्या चालीत म्हटलेली तुम्हाला आठवते ते घरातल्या कोणाच्या तरी मोबाइलवर आजच रेकॉर्ड करून घ्या. पुढच्या महिन्यात मी वर्ध्याला येते, कॅमेरा आणि भिंग घेऊन, आपण तुमच्या ओसरीवर बसून वाचू, आणि कागद पुन्हा त्याच पेटीत ठेवू.